आधी दारू नव्हती, बापू

बापू, परवा तुझ्या दशक्रियेला गावातल्या पोरांनी हात वर करून दारू सोडली.

तू असतास तर खो खो हसला असतास. नदीकाठच्या शेडमध्ये महाराजांचं प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, आणि शेवटी मामांनी माईक हातात घेतला. "आमच्या भाच्याचं मरण वाया जाऊ द्यायचं नाय," म्हणाले. "ज्यांना आजपासून सोडायची त्यांनी हात वर करा." आधी कुणी हलेना. मग मागच्या रांगेतून एक हात आला, मग दुसरा, मग बरेच. काहींचे हात तर शेजारच्यानेच धरून वर केले होते. टाळ्या वाजल्या. दशक्रियेला टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. स्पीकर सारखा घूं घूं करत होता आणि माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. तू असतास तर भाषण अर्ध्यात थांबवून आधी त्याची वायर बघितली असतीस.

मला रडू आलेलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. एक जण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं, मोकळी हो." मी मान हलवली. दाढ काढायला इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंगच झालंय. समोर चहा येतो, तो गरम आहे की गार हेही कळत नाही. पिऊन टाकते.

पिंडाला कावळा लगेच शिवला. "काय इच्छा राहिली नव्हती त्याची," असं आई येईल त्याला सांगत होती. आपलं भांडण अर्धं राहिलंय हे त्या कावळ्याला कोण सांगणार?

पाडव्यानंतरच्या आठवड्यात तू देवळाली कॅम्पला आमच्याकडे आला होतास. मी ओट्याशी, आणि तू स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून माझा बंद पडलेला मिक्सर उघडून बसलेला. तुझ्या ऋतुजाची बारावीची परीक्षा संपली होती. जूनपासून ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला येणार, हे ठरलेलं होतं. मी म्हणाले, "बापू, ती माझ्याकडे यायच्या आत तिला सांग. तू सांग, नाहीतर मी सांगते."

"काय सांगू? बाप पितो हे तिला माहिती हाय."

"पितो ते नाही. दुसरं."

तोंडात धरलेला स्क्रू तू काढून हातात घेतलास. "ताई, दारुड्याची पोर म्हणतील, म्हणू दे. निम्म्या गावाच्या पोरी दारुड्यांच्याच हायेत, त्यांची लग्नं होऊ ऱ्हायली ना? येड्याची पोर म्हटल्यावर कोण दारात येईल? तिचं लग्न होऊ दे एकदाचं. मग तू सांग. वाजतगाजत सांग."

मी चिडले. म्हणाले, वेडा कोण आहे इथे? आजार आहे, बायपोलर म्हणतात त्याला, गोळ्या आहेत. तुझ्या डॉक्टर बाईच म्हणाल्या ना, की घरच्यांना माहीत असावं, रक्ताच्या माणसांना तर असावंच, म्हणजे उद्या पोरीला काही झालं तर वेळेवर कळेल. "तिला काय होत नाय," तू म्हणालास. तेवढ्यात लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या, तू बटण दाबलंस आणि मिक्सर सुरू झाला. "बाकीचं पुढच्या टायमाला भांडू," असं म्हणून तू उरलेलं श्रीखंड वाटीभर मागून घेतलंस.

पुढची वेळ आलीच नाही. म्हणून आता मी एकटीच भांडते आहे.

लोकांना वाटतं तू आधी प्यायला लागलास आणि मग तुझं डोकं बिघडलं. परवा महाराजांनीही तसंच सांगितलं. "सोन्यासारखा कारागीर, पण बाटलीच्या नादी लागला आणि बुद्धी फिरली." सोन्यासारखा कारागीर, हे खरं. बाकीचं सगळं उलटं आहे, आणि हे उलटं कुणी केलं हे तुला आणि मला चांगलं माहीत आहे.

तू तेव्हा जेमतेम विशीत होतास. पिंपळगावला हायवेच्या कडेच्या दुकानात मोटर रिवायंडिंग शिकत होतास. विहिरीवरच्या मोटरी जळून यायच्या, त्यांची काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे तुझं काम. त्या उन्हाळ्यात तुझी झोप उडाली. घरातले पंखे, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांची पिठाची गिरणी, दिसेल ते उघडून ठेवायला लागलास. बोलणं थांबेना. आणि एका दुपारी तू थेट गावाच्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर चढलास. सगळ्या गावाचं व्होल्टेज मी एकटा सरळ करतो, चोवीस तास लाईट देतो, असं वरून ओरडत होतास. खाली सगळा गाव गोळा झालेला. नेमकं त्या वेळी भारनियमन होतं, म्हणून वाचलास. भारनियमनाला शिव्या न देणारी तालुक्यात मी एकटीच असेन.

अण्णांनी तुला नाशिकला नेलं, तिथे डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेलं अण्णांच्या डोक्यावरून गेलं. घरी आल्यावर तूच आम्हाला समजावून सांगितलंस. "व्होल्टेज वाढलं तरी मोटर जळती, कमी पडलं तरी जळती. माझं तसं हाय. मधी राहिलो तर काय नाय." अण्णांना ते पटलं. त्यांच्या दोन मोटरी तशाच जळल्या होत्या.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं, आणि डीपीची गोष्ट कॅम्पपर्यंत पोचली होती. ह्यांचे काका चौकशीला आले. अण्णा ओसरीवर मान खाली घालून बसले होते. मी आत चहा गाळत होते. तेवढ्यात तू भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेलास आणि काकांच्या पाया पडलास. "चूक झाली, काका. मित्रांनी पाजली. पिऊन चढलो होतो." तोपर्यंत तू दारूचा थेंब घेतला नव्हतास. काका एकदम सैल झाले. "एवढंच ना! आम्हाला वाटलं डोक्याचं काही आहे की काय. पोरं करतात असलं वयात." मग त्यांनी चहा घेतला, वर दुसरा कपही मागितला.

तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. ना अण्णांनी, ना मी. आतून ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. माणूस गेला की मागचे सगळे स्वतःला दोष देत बसतात, ते मला जमत नाही. मला लग्न करायचं होतं. माणूस बरा वाटत होता, बराच निघाला. तो संसार मला तू दिलास. बहीणभावांत आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून कधी मानले नाहीत. आज मानते, बापू.

पण माझ्या हळदीच्या दिवशी मांडवामागे ह्यांच्याकडच्या पोरांनी तुझ्या हातात ग्लास दिला. तू नको म्हणालास तर म्हणाले, "आता कशाला लाजतो? डीपीवर चढणारा गडी तू!" नाहीच म्हटलं असतंस, तर मग डीपीवर कशाने चढलास हे सांगावं लागलं असतं. तू प्यायलास. हे तू मला किती वर्षांनी सांगितलंस, तेही हसत हसत. "लोक आधी पितात, मग नाव पडतं. माझं नाव आधी पडलं. ॲडव्हान्स बुकिंग." मी हसले नाही. तू एकटाच हसलास.

मग ते कारण घराला फार सोयीचं झालं. तुझं व्होल्टेज वाढलं, तू गल्लीभर भाषणं देत फिरायला लागलास, की आई शेजारी सांगायची, पिलाय. दुकानाचं शटर ओढून तू अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडलास, की सांगायची, पिऊन पडलाय. सुरुवातीला ते खोटं होतं. मग अधूनमधून खरं व्हायला लागलं, आणि पुढे पुढे कुठलं कुठलं हे आम्हालाच कळेनासं झालं. मनीषाला मात्र कळायचं. तू सकाळी दाढी करताना शीळ घालायला लागलास, की ती मोटरसायकलची चावी पिठाच्या डब्यात लपवायची. तुझी बायको कमी बोलते, पण तिचं तुझ्याकडे लक्ष होतं तेवढं कुणाचंच नव्हतं.

आणि तुझे हात. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या तसे ते कापायला लागले. माझे कापले असते तर चाललं असतं, माझ्या बालवाडीतल्या पोरांना फळ्यावरचं वाकडं 'क' सुद्धा सुंदर वाटतं. तुझं तसं नव्हतं. बारीक तार, एकेक वेढा जागेवर बसवायचा, वरचं आवरण जरा खरवडलं की मोटर आठवड्यात परत. सकाळी थोडी घेतली की हात थांबायचे. तू मला दुकानात हात पुढे धरून दाखवलं होतंस. "बघ." मग टेबलाखालच्या बाटलीतून घोट घेऊन, जरा थांबून, "आता बघ." खरंच थांबले होते.

तरी मी बोलायचेच. आपला तो वाद कितीदा झाला! मी म्हणायचे, दारू सोड, गोळी ठेव. तू म्हणायचास, गोळी सोडली तर दारूची गरजच नाय. डॉक्टरांना हातांचं सांग म्हटलं, तर तू सांगितलंस. ते म्हणाले, आधी दारू बंद करून या, मग बघू. दारू सोडवणाऱ्यांकडे गेलास, तर ते म्हणाले, आधी डोक्याचं दाखवून या. ऑफिसात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात तसं झालं तुझं. दोन्ही एकाच माणसाला आहे, एकदमच आहे आणि एकमेकांत गुंतलेलं आहे, हे बघायला कुणी तयार नव्हतं. आपणही कुठे तयार होतो? आपण तर एक झाकायला दुसरं पुढे केलं होतं.

मधल्या दिवसांबद्दल कुणीच बोलत नाही. परवाही कुणी बोललं नाही. जणू तू एक तर डीपीवर होतास, नाहीतर गटारात. गटारात तर तू कधी पडलाही नाहीस. कितीतरी महिने असे होते की तू फक्त बापू होतास. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या सीझनला मनीषा सकाळी लवकर कामाला जायची, तेव्हा ऋतूच्या वेण्या तू घालायचास. वायंडिंगवाल्याचा हात! वेण्या इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या, आणि शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही. तिला मोटरसायकलवर पुढे बसवून वणीला देवीला न्यायचास आणि येताना तिच्या हातात कणीस द्यायचास. मला फोन करून उगाच विचारायचास, "काय करू ऱ्हायली?" आणि मी सांगायच्या आत म्हणायचास, "बरं, ठेवतो." ते फोन आता येत नाहीत. घरात फोन वाजला की मी तो उचलते आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलते.

ऋतू नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तू गेलास. तुझं व्होल्टेज चढलेलं होतं. कार्यक्रम चालू असताना स्टेजवर चढलास, मुख्याध्यापकांना बाजूला सारून माईक खोलायला लागलास, आणि पोरं हसायला लागली. मी त्या दिवशी आले होते, मीच तुला हाताला धरून खाली आणलं. तुझ्या तोंडाला वास नव्हता. पण घरी ऋतू रडत होती, तेव्हा आई तिला म्हणाली, "पिऊन आला होता गं तो." मनीषाने माझ्याकडे बघितलं. तू शेजारच्या खोलीतून ते ऐकलंस आणि बाहेर येऊन म्हणालास, "हां. पिलो होतो." त्या दिवसापासून ऋतूने तुला पप्पा म्हणणं सोडलं. जेवायला वाढलंय असं सांगायचं असलं तरी ती भिंतीला सांगायची. तू भिंतीकडे बघून "आलो" म्हणायचास.

गेल्या वर्षी मामा आणि आईने तुला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दाखल करताना सांगितलं काय? दारू. फक्त दारू. दुसरं काही आहे का, असं तिथल्या माणसाने विचारल्यावर मामा म्हणाले, "काय नाय, बाकी एकदम ठणठणीत." तुझ्या पिशवीतल्या गोळ्या त्यांनी काढून घेतल्या. इथे कुठलीच गोळी चालत नाही, गोळी ही पण नशाच, असं म्हणाले. तूही काही बोलला नाहीस. बोललास तर खोटं उघडं पडेल, म्हणून.

मी रविवारी भेटायला आले. इन्चार्ज दारापर्यंत आला, म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ आमचा सगळ्यात भारी पेशंट. पहाटे उठून सगळं केंद्र झाडतो, दुसऱ्यांना समजावतो, गाणी म्हणतो, थकतच नाही." मग तू आलास. डोळे चमकत होते, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. महाराष्ट्रातली दारू बंद करायचा तुझा प्लॅन मला सांगितलास, त्यात मला मंत्री केलं होतंस. मी इन्चार्जला म्हणाले, हा बरा नाहीये, ह्याला गोळ्या द्या. तो समजुतीने हसला. "ताई, दारू सुटली की माणूस असाच खुश होतो. तुम्हाला सवय नाही." मी तिथेच बसून राहिले. तुला घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. मामा फोनवर ओरडले, मी फोन बंद केला. संध्याकाळच्या आत तुला बाहेर काढलं आणि दवाखान्यात नेलं. तू रिक्षात मला सगळा वेळ मंत्रीणबाई म्हणत होतास.

त्यानंतर त्या डॉक्टर बाई मिळाल्या. दोन्ही एकत्र बघणाऱ्या पहिल्याच. लिथियमचं प्रमाण त्यांनी बदललं, हातांसाठी वेगळं औषध दिलं, दारूचंही विचारलं आणि ओरडल्या नाहीत. पण चढल्यानंतरचं उतरणं आलंच. तो पावसाळा तू आमच्याकडे काढलास. सकाळी रेंजवर तोफा सुरू झाल्या की सगळी आळी जागी व्हायची, तू हलायचाही नाहीस. मी उपमा करून समोर ठेवायचे, तू म्हणायचास, "ताई, चव लागत नाय." मी म्हणायचे, खा, चवीचं नंतर बघू. चव नाही म्हणजे काय, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटायचं, माझ्या हाताला नावं ठेवतोस.

हिवाळ्यात तू सावरलास. दुकान पुन्हा उघडलंस. हात बरेच स्थिर झाले होते. मला वाटलं, आता जमलं. कॅम्पला श्रीखंड मागून घेतलंस, तो हा सावरलेला बापू. मग मधेच काय बिनसलं मला माहीत नाही. पुन्हा दोन्ही सुरू होतं, गोळ्याही आणि बाटलीही. मनीषा सकाळी चहा घेऊन आली तेव्हा तू गार पडला होतास. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. तू मुद्दाम काही केलंस का, असं माझ्या मनात आलं होतं, लपवत नाही. पण त्या दिवशी तू दोघा शेतकऱ्यांना मोटरी न्यायला बोलावलं होतंस, आणि मन खाली गेलेलं असलं की तू कुणाला बोलवत नसायचास. मी तेवढ्यालाच धरून बसले आहे.

परवा सगळं आटोपल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "तू शिकलेली हाय, म्हणून तुला सांगतो. ते डोक्याचं आता काढायचं नाय. दारूनं गेला, लोकांना पटलंय, चार पोरं सुधारली. पोरीचं लग्न व्हायचंय." आई म्हणाली, "त्याची बी तीच इच्छा होती." ते खरं होतं. मनीषा भांडी आवरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्हाला योग्य वाटंल ते करा." एवढंच.

काल मी आणि ऋतू तुझं दुकान उघडायला गेलो. द्राक्षांच्या खरड छाटण्या होऊन गेल्यात, बागांना पाणी हवंय, लोकांच्या मोटरी आत अडकल्यात. शटर उचललं तर आतून वार्निशचा वास आला. एक ओझरचा शेतकरी आला, त्याची मोटर तयार होती. टेम्पोत चढवून झाल्यावर तो ऋतूला म्हणाला, "तुझ्या बापासारखा हात नाय पोरी आख्ख्या तालुक्यात. दारू तेवढी नसती ना..." ऋतू म्हणाली, "आवडायची त्यांना. आमच्यापेक्षा जास्त." अगदी शांतपणे म्हणाली, आणि आत जाऊन झाडू घेतला.

बापू, मग मी सांगितलं. तुझ्या परवानगीशिवाय.

तुझ्या स्टुलावर मी बसले, तिला बाकावर बसवलं. आजाराचं नाव सांगितलं. दारू नंतर आली, ती कशी आली, हेही सांगितलं. ती झाडू हातात धरून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "मला होईल का?" मी म्हणाले, होईलच असं नाही. पण कधी झोप उडाली, डोकं पळायला लागलं, किंवा उठावंसंच वाटेना, तर त्याच दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही, लाजायचं नाही. तिने मान डोलावली. मला वाटलं, झालं, निभावलं.

मग ती म्हणाली, "गॅदरिंगला?"

"नव्हते प्यायले."

"पण ते स्वतः म्हणाले होते."

"हो."

हायवेवरून कांद्याच्या ट्रकमागून ट्रक जात होते. ती रडली नाही. ती माझ्यावरच गेलीय बहुतेक.

"मग तुम्ही सगळ्यांनी मला त्यांचा राग का करू दिला?"

मी म्हणाले, "तुझ्या लग्नासाठी." हे मी मोठ्याने म्हणाले, बापू. इतकी वर्षं घरात ते किती शहाणपणाचं वाटायचं, आणि अठराव्या वर्षात पाऊल टाकलेल्या पोरीसमोर ते बोलताना माझे कान तापले. मी तिला पुढे म्हणाले, "तू का बोलत नाहीस हे त्यांना माहीत होतं. तू त्यांचा राग केलास तरी चालेल, पण तुला कुणी नको म्हणू नये, असं त्यांना वाटायचं. त्यांचा तुझ्यावर फार जीव होता."

तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"मला विचारायचं तरी, आत्या," ती म्हणाली. "मी पप्पाच मागितले असते."

बापू, पोरीचं बरोबर आहे.